बाणावरचे तांबे : अल्कोहोलच्या हायड्रोजननिरासाच्या पाठ्यपुस्तकी मांडणीची चिकित्सा

प्रस्तावना

सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत अल्कोहोलांच्या प्रकरणाच्या अखेरीस तीन समीकरणे एकाखाली एक छापलेली असतात. प्राथमिक अल्कोहोलची वाफ ५७३ केल्व्हिनला तापवलेल्या तांब्यावरून नेली असता अल्डिहाइड मिळते, द्वितीयक अल्कोहोलपासून कीटोन मिळतो आणि तृतीयक अल्कोहोलपासून अल्कीन. बारावीच्या वर्गात विद्यार्थ्याला ही समीकरणत्रयी प्रथम भेटते आणि पदवीच्या वर्गात ती जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा भेटते. परीक्षेत तिच्यावर प्रश्न येतो, विद्यार्थी उत्तर लिहितो, गुण मिळतात. या व्यवहारात कोणाचेच काही बिघडत नाही, आणि म्हणूनच ही मांडणी तपासण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही.

प्रस्तुत लेखात ही त्रयी चूक आहे असे प्रतिपादन करावयाचे नाही. काही मर्यादेत ती निरीक्षणांचा बरा गोषवारा आहे. आक्षेप आहे तो तिच्या लेखनपद्धतीला. समीकरणात तांबे बाणाच्या डोक्यावर बसते आणि त्याच्या शेजारी तापमान. परिणामी विद्यार्थ्याच्या मनात तांबे हे उष्णतेसारखीच एक 'अट' होऊन राहते. अभिक्रिया अल्कोहोलची होते आणि धातू जवळ उभा राहून ती पाहतो, असा समज त्यातून दृढ होतो. पृष्ठभाग-रसायनशास्त्रात गेल्या पन्नासेक वर्षांत जे ज्ञान जमा झाले आहे, ते नेमके याच्या उलट आहे. प्रत्येक टप्प्यावर धातू हा अभिक्रियेतील भागीदार असतो, आणि कोणता बंध आधी तुटेल हे अल्कोहोलइतकेच धातूवरही अवलंबून असते.

५७३ या आकड्याविषयी

प्रथम तापमानाकडे पाहू. ५७३ हा आकडा मोठा काटेकोर वाटतो. प्रत्यक्षात तो ३०० अंश सेल्सिअसचे केल्व्हिनमधील रूपांतर आहे, एवढेच. फ्रान्समध्ये पॉल साबातिए आणि झां-बातिस्त सांदेराँ यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बारीक तांब्यावर अल्कोहोलांच्या हायड्रोजननिरासाचा अभ्यास केला, तेथपर्यंत या पद्धतीची परंपरा मागे जाते. ३०० अंश ही प्रयोगशाळेतील सोयीची गोल संख्या होती. एककाचे रूपांतर झाले आणि अंदाजाला अचूकतेचा पोशाख मिळाला.

या आकड्यामागे ऊष्मागतिकीचा जो विचार हवा, तो पाठ्यपुस्तकात येत नाही. इथेनॉलपासून ॲसिटाल्डिहाइड व हायड्रोजन बनताना सुमारे ६९ किलोज्यूल प्रति मोल इतकी उष्णता शोषली जाते. एका रेणूचे दोन रेणू होत असल्याने एंट्रॉपी वाढते, ती साधारण ११३ ज्यूल प्रति मोल प्रति केल्व्हिन. या दोन संख्यांचा भागाकार केला की मुक्त ऊर्जेतील बदल शून्य होण्याचे तापमान सुमारे ६१० केल्व्हिन येते. म्हणजे ५७३ केल्व्हिनला, एक वातावरण दाबाखाली, शुद्ध इथेनॉलची वाफ कितीही उत्तम उत्प्रेरकावरून नेली तरी समतोलाला निम्म्याहून थोडेसेच अधिक इथेनॉल रूपांतरित होऊ शकते. उत्प्रेरक समतोल लवकर गाठून देतो, तो सरकवत नाही, हे सूत्र आपण भौतिक रसायनाच्या तासाला शिकवतो. सेंद्रिय रसायनाच्या तासाला मात्र तेच सूत्र विसरून पूर्ण बाण काढतो.

हाच हिशेब २-प्रोपेनॉलसाठी केला तर चित्र पालटते. तेथे शोषली जाणारी उष्णता सुमारे ५५ किलोज्यूल आहे आणि समतोल ४७५ केल्व्हिनच्या आसपासच अनुकूल होऊ लागतो. ५७३ केल्व्हिनला नऊदशांशाहून अधिक ॲसिटोन मिळणे शक्य आहे. मिथेनॉलची स्थिती याच्या अगदी विरुद्ध आहे. फॉर्माल्डिहाइडच्या निर्मितीसाठी ८५ ते ९२ किलोज्यूल लागतात, आणि ५७३ केल्व्हिनला समतोलानुसार शंभरातील जेमतेम पाच ते दहा रेणूच फॉर्माल्डिहाइडमध्ये जातील. म्हणजे 'प्राथमिक अल्कोहोल, तांबे, ५७३ केल्व्हिन, अल्डिहाइड' हा नियम प्राथमिक अल्कोहोलांपैकी सर्वांत साध्या अल्कोहोललाच नीट लागू पडत नाही. तांब्याच्या उत्प्रेरकावर हवेविना मिथेनॉल नेले असता मिथाइल फॉर्मेट हा पदार्थ मोठ्या प्रमाणात मिळू शकतो, याची नोंद तर या त्रयीच्या आसपासही आढळत नाही.

फॉर्माल्डिहाइडचे औद्योगिक उत्पादन चांदीवर ६०० अंश सेल्सिअसच्या वर आणि हवा मिसळून का केले जाते, याचे उत्तर वरील संख्यांतच आहे. हवेतील ऑक्सिजन हायड्रोजनचे पाणी करतो, त्यातून उष्णता बाहेर पडते आणि समतोलाची अडचण दूर होते. दुसरीकडे, तांब्याचे तापमान मनाला येईल तसे वाढवता येत नाही. ३०० अंश सेल्सिअसच्या वर तांब्याचे बारीक कण एकमेकांत मिसळून मोठे होऊ लागतात आणि क्रियाशील पृष्ठभाग घटतो. ३०० अंश ही संख्या समतोलाची निकड आणि तांब्याची सहनशक्ती यांच्या मधोमध पडते. विद्यार्थ्याला एवढे सांगितले तरी बाणावरचा आकडा बोलका होईल.

पृष्ठभागावर काय घडते

आता धातूकडे वळू. वायुरूप मिथेनॉलमध्ये ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडण्यास सुमारे ४४० किलोज्यूल प्रति मोल लागतात, कार्बन-हायड्रोजन बंधासाठी सुमारे ४०० पुरतात. बंधऊर्जेचा तक्ता समोर ठेवून कोणीही म्हणेल की आधी कार्बन-हायड्रोजन बंध तुटेल. तांब्यावर तसे होत नाही.

याचा निर्णायक पुरावा इस्राएल वॉक्स आणि रॉबर्ट मॅडिक्स यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी तांब्याचा एकच स्फटिक घेतला, त्याचा (११०) हा पृष्ठभाग अतिनिर्वातात स्वच्छ केला आणि त्यावर कमी तापमानाला मिथेनॉल सोडले. स्वच्छ तांब्यावर फारसे काही घडले नाही. तापवताच बहुतेक मिथेनॉल जसेच्या तसे उडून गेले. मात्र पृष्ठभागावर आधी थोडा ऑक्सिजन बसवून ठेवला असता मिथेनॉल त्याच्याशी अभिक्रिया करी, पाणी निघून जाई आणि पृष्ठभागावर मिथॉक्सी हा गट ऑक्सिजनच्या टोकाने तांब्याला चिकटून राही. पुढे सुमारे ३७० केल्व्हिनच्या आसपास मिथॉक्सीतील एक कार्बन-हायड्रोजन बंध तुटून फॉर्माल्डिहाइड बाहेर पडे.

यातील खरी युक्ती समस्थानिकाची आहे. ज्या मिथेनॉलच्या फक्त हायड्रॉक्सिल गटात ड्युटेरियम आहे असे मिथेनॉल त्यांनी वापरले. ते ड्युटेरियम पाण्यातून गेले, आणि फॉर्माल्डिहाइडबरोबर नंतर निघालेला हायड्रोजन मिथाइल गटातला, साधा निघाला. दोन हायड्रोजन दोन वेगळ्या वेळी, दोन वेगळ्या कारणांनी रेणू सोडून जातात, हे यावरून निर्विवाद ठरले. पाठ्यपुस्तकातील समीकरणात हे दोन्ही हायड्रोजन एकत्र, जोडीने, बाणाच्या उजवीकडे येतात. ती जोडी प्रत्यक्षात पृष्ठभागावर नंतर जमलेली असते.

बंधऊर्जेचा तक्ता येथे का फसला, याचे उत्तरही यातच आहे. तक्ता मोकळ्या रेणूचा असतो. पृष्ठभागावर ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तुटताना त्याच वेळी ऑक्सिजन-तांबे आणि ऑक्सिजन-हायड्रोजन असे नवे बंध तयार होत असतात. खर्च आणि जमा एकाच वहीत मांडली पाहिजे. बाणावर लिहिलेले तांबे या वहीत कुठेच येत नाही.

येथे तृतीयक अल्कोहोलचा विचार करणे अगत्याचे आहे, कारण या त्रयीतील सर्वांत दुबळे स्पष्टीकरण त्याविषयीचे आहे. तृतीयक अल्कोहोलच्या हायड्रॉक्सिलधारी कार्बनवर हायड्रोजन नसतो, म्हणून त्याचा कीटोन होत नाही आणि निर्जलीकरण होते, असे सांगितले जाते. या विधानाचा पूर्वार्ध निर्दोष आहे. उत्तरार्ध मात्र त्यातून निष्पन्न होत नाही. कीटोन न होण्याचे कारण म्हणजे अल्कीन होण्याचे कारण नव्हे. ब्रेनार्ड आणि मॅडिक्स यांनी १९८९ मध्ये दाखवले की ऑक्सिजन बसवलेल्या चांदीच्या (११०) पृष्ठभागावर तृतीयक ब्युटाइल अल्कोहोलपासून आयसोब्युटिलीन ऑक्साइड, म्हणजे एक इपॉक्साइड, तयार होते. अल्कोहोलचा वर्ग तोच, पृष्ठभागावर प्रथम बनणारा अल्कॉक्सी गटही त्याच जातीचा, परंतु त्रयीत ज्याला जागाच नाही असे फलित. निर्जलीकरण हे ॲल्युमिनासारख्या ऑक्साइडांचे खास काम आहे हे साबातिएच्या काळापासून ठाऊक आहे. तांबे कशावर बसवले आहे, त्याचा आधार आम्लधर्मी आहे की नाही, हे न सांगता 'तांब्यावर निर्जलीकरण होते' असे लिहिणे म्हणजे आधाराचे श्रेय धातूला देण्याची शक्यता खुली ठेवणे होय.

धातू बदलला की

प्लॅटिनमवर मिथेनॉलची गोष्ट फॉर्माल्डिहाइडपाशी थांबत नाही. रेणूतील सर्व हायड्रोजन एकेक करून सुटतात आणि मागे कार्बन मोनॉक्साइड उरतो. तो प्लॅटिनमला इतका घट्ट धरून बसतो की नव्या रेणूंना जागा मिळत नाही. मिथेनॉलवर थेट चालणाऱ्या इंधन-घटाची मुख्य अडचण हीच आहे. प्लॅटिनमच्या शेजारी रुथेनियमचे अणू ठेवले तर त्यांवर ऑक्सिजनधारी गट अधिक सहज बनतात आणि ते शेजारच्या कार्बन मोनॉक्साइडचे डायऑक्साइड करून जागा मोकळी करतात. या द्विकार्यी यंत्रणेची मांडणी वातानाबे आणि मोतो यांनी १९७५ मध्ये केली होती.

प्लॅटिनमवर पहिला बंध कोणता तुटतो, हा प्रश्न अधिक उद्बोधक आहे. ग्रीली आणि माव्रिकाकिस यांनी २००२ मध्ये घनता-फलन सिद्धान्तावर आधारलेल्या गणनेने प्लॅटिनमच्या (१११) पृष्ठभागावरील मिथेनॉलच्या विघटनाचा अभ्यास केला, तो ऑक्सिजन-हायड्रोजन बंध आधी तुटतो असे धरून. २००४ मध्ये त्याच अभ्यासकांनी स्पर्धक मार्गही तपासले. तेव्हा असे दिसून आले की वास्तवाशी जुळणाऱ्या परिस्थितीत कार्बन-हायड्रोजन बंध आधी तुटण्याचा मार्ग सर्वांत वेगवान ठरतो, आणि मिथॉक्सीऐवजी हायड्रॉक्सिमिथिल हा गट प्रथम बनतो. तांब्यावर एक बंध आधी तुटतो, प्लॅटिनमवर बहुधा दुसरा. रेणू तोच आहे. दोन वर्षांच्या अंतराने केलेल्या या दोन अभ्यासांतून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे : गणनेत ज्या मार्गाचा विचारच केला नाही, त्याविषयी गणना काहीही सांगत नाही.

इथेनॉलमध्ये कार्बन-कार्बन बंधाची भर पडते आणि गुंतागुंत वाढते. सर्वसाधारण समज असा की इथेनॉलचे आधी ॲसिटाल्डिहाइड होते आणि मग त्याचे विघटन होते. पॅलॅडियमवर ही कल्पना बऱ्याच अंशी निभावते. ऱ्होडियमवर मात्र हूटमन आणि बार्टो यांनी १९९१ मध्ये दाखवले की इथेनॉल आणि ॲसिटाल्डिहाइड वेगवेगळ्या वाटांनी जातात. इथेनॉलपासून बनलेला इथॉक्सी गट ॲसिटाल्डिहाइडची पायरी न घेता मिथाइल गटातील हायड्रोजन गमावतो आणि ऑक्सिजन व कार्बन अशा दोन टोकांनी धातूला धरणारे वलय तयार करतो. ज्या कार्बनवरचा हायड्रोजन पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने निष्क्रिय, त्याच कार्बनवर येथे धातू हात घालतो.

निर्वाताची मर्यादा

येथपर्यंत पृष्ठभाग-शास्त्राची बाजू मांडली. परंतु पाठ्यपुस्तकाचे प्रामाण्य उतरवून त्या जागी एकस्फटिकाचे प्रामाण्य बसवणे ही चिकित्सा नव्हे. वॉक्स-मॅडिक्स यांचा प्रयोग ज्या प्रकारच्या निर्वातात होतो, तेथे दाब टॉरच्या दहा अब्जाव्या भागाच्या आसपास असतो. कारखान्यातील नळीत तो वातावरणाइतका किंवा अधिक असतो. मध्ये बारा-तेरा घातांचे अंतर आहे. निर्वातात ३७० केल्व्हिनला फॉर्माल्डिहाइड निघते याचा अर्थ वातावरणाच्या दाबाखाली शंभर अंश सेल्सिअसला त्याचे उत्पादन शक्य आहे असा होत नाही. निर्वातात बाहेर पडलेला रेणू पंप लगेच ओढून नेतो. तो परत येऊन उलट अभिक्रिया करीत नाही. समतोलाचा जो हिशेब वर मांडला, त्यातून हा प्रयोग अशा रीतीने सुटका करून घेतो. त्यामुळे त्यातून मार्ग कळतो, उतारा कळत नाही.

दुसरी मर्यादा धातूच्या स्थितीची. (११०) वा (१११) पृष्ठभाग हे अणूंच्या नीट रांगा असलेले सपाट मैदान. औद्योगिक उत्प्रेरकाचे कण कडा, कोपरे आणि पायऱ्यांनी भरलेले असतात, आणि अभिक्रिया चालू असताना ते बदलतही असतात. मिथेनॉलच्या ऑक्सिडीकरणात चांदीची सक्रिय अवस्था कशी असते याचा अभ्यास गेरहार्ड एर्टल यांच्या सहभागाने बर्लिनमध्ये झाला. १९९३ मधील त्या कामातून हे स्पष्ट झाले की उच्च तापमानाला ऑक्सिजन चांदीच्या पृष्ठभागाखाली शिरतो आणि पृष्ठभागाची पुनर्रचना होते. ज्या चांदीचा आपण विचार करतो ती चांदी अभिक्रियेच्या काळात अस्तित्वात नसते. घन पृष्ठभागांवरील रासायनिक प्रक्रियांच्या अभ्यासासाठी एर्टल यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या परंपरेचे मोठेपण असे की तिने आपल्या प्रयोगाची आणि कारखान्याची दरी लपवली नाही, उलट तिला संशोधनाचा विषय केले.

आपली पाठ्यपुस्तके ही दरी दाखवू शकत नाहीत, कारण त्यांच्या बाणाच्या दोन्ही बाजूंना फक्त कागद आहे. ही त्रयी 'अल्कोहोलांचे तीन वर्ग ओळखण्याची कसोटी' म्हणून सांगितली जाते, परंतु महाविद्यालयीन प्रात्यक्षिकात वर्ग ओळखायचा झाला तर लुकास अभिकर्मक वापरला जातो. तापलेल्या तांब्याची कसोटी बहुधा उत्तरपत्रिकेतच पार पडते. जी कसोटी कोणी करून पाहत नाही तिच्यातील चूक सापडणार तरी कशी?

वर्गातील शक्यता

यासाठी अतिनिर्वाताची गरज नाही. तांब्याच्या जाड तारेचे वेटोळे ज्योतीत लाल होईपर्यंत तापवावे. बाहेर काढताच ते काळे पडते, कारण वर ऑक्साइडचा थर येतो. ज्योत विझवून व बाजूला ठेवून हे गरम वेटोळे परीक्षानळीतील थोड्या इथेनॉलच्या वाफेत धरावे. काळा थर जाऊन तांबे लखलखीत होते आणि ॲसिटाल्डिहाइडचा उग्र वास येतो. वेटोळे पुन्हा तापवले की पुन्हा काळे होते. इथेनॉल ज्वालाग्राही असल्याने बाटली दूर ठेवावी आणि खोलीत हवा खेळती असावी. मिथेनॉल टाळावे, कारण ते स्वतः विषारी आहे आणि त्यापासून होणारे फॉर्माल्डिहाइडही.

हा प्रयोग अनेक शिक्षकांना परिचित आहे. त्याचा वापर मात्र 'ऑक्सिडीकरण' या शीर्षकाखाली उरकला जातो. त्यावर दोन प्रश्न विचारता येतील. ऑक्साइड काढून टाकलेले, हायड्रोजनमध्ये स्वच्छ केलेले तांबे त्याच तापमानाला वापरले तर तेच घडेल का? आणि गेलेला ऑक्सिजन पाण्यात गेला असेल, तर त्या पाण्यातील हायड्रोजन अल्कोहोलच्या कोणत्या अणूवरचा? पहिल्या प्रश्नाने विद्यार्थी समतोलाकडे आणि हायड्रोजननिरास व ऑक्सिडीकरण यांतील भेदाकडे जातो. दुसऱ्याने तो १९७८ च्या ड्युटेरियमपाशी पोहोचतो. ऑक्साइडचा हा जाड थर आणि एकस्फटिकावरील विरळ ऑक्सिजन एकच नव्हेत, हेही त्याला येथेच सांगावे लागेल.

महाराष्ट्रात या प्रश्नांना व्यवहाराची बाजूही आहे. उसाच्या मळीपासून मिळणाऱ्या इथेनॉलवर आधारलेले रासायनिक उद्योग येथे आहेत आणि रसायनशास्त्राचे पदवीधर तेथे नोकरीस जातात. इथेनॉलपासून ॲसिटाल्डिहाइड तांब्यावर हवेविना करता येते, तसेच चांदीवर हवेसह. पहिल्या पद्धतीत उष्णता सतत पुरवावी लागते आणि हायड्रोजन हाती येतो. दुसऱ्या पद्धतीत प्रति मोल सुमारे १७० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, ती वेळेवर काढून घ्यावी लागते आणि वाफ व हवेचे मिश्रण स्फोटक मर्यादेबाहेर ठेवावे लागते. समीकरणत्रयी पाठ असलेल्या विद्यार्थ्याला या दोन नळ्यांतील फरक सांगता येत नाही, कारण त्याच्या वहीत दोन्ही ठिकाणी डावीकडे इथेनॉल आणि उजवीकडे ॲसिटाल्डिहाइडच लिहिलेले असते.